‘राजीनामा फक्त कागदावर आहे’ असं म्हणाले होते

३५,१०० रुपये. एका कारखान्यात दोन दिवस कमी तेरा वर्षं आठ महिने काढल्यावर ग्रॅच्युइटी म्हणून, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम म्हणून, माझ्या खात्यात एवढे जमा झाले. व्हायला हवे होते १,५१,२००. म्हणजे १,१६,१०० रुपये त्यांनी माझे खाल्ले, आणि तेही माझ्याच सहीने. हे लिहायला मला तीन वर्षं लागली, कारण लाज वाटत होती. मी अडाणी नाही. बारावी झालेली आहे, पॅकिंग-डिस्पॅचची सुपरवायझर होते, रोजची चलनं माझ्या हाताखालून जायची, त्यात एका खोक्याचा फरक आला तरी मी ट्रक थांबवायची. स्वतःचा हिशोब मात्र मी तपासला नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही, एमआयडीसी कुठली तेही नाही. प्रकरण कोर्टात आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. पण असा प्रकार कुठल्याही एमआयडीसीत होऊ शकतो, त्यामुळे नावाने फार बिघडत नाही.

मी ३ जून २००९ ला लागले आणि ३१ जानेवारी २०२३ ला सोडलं. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला होता, घरी दुसरं कोणी नव्हतं. महिन्याची नोटीस रीतसर दिली. फेब्रुवारीच्या १४ तारखेला एचआरमध्ये बोलावलं, एक छापील तक्ता पुढे सरकवला. पगाराची बाकी, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, खाली एकूण. त्याखाली एक ओळ: ‘मला सर्व देय रक्कम मिळाली असून कंपनीकडे माझी कोणतीही बाकी राहिलेली नाही.’ रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेला. सही केल्याशिवाय रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) नाही आणि पीएफच्या कागदांना हात लावणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. घरी सासूबाईंजवळ शेजारीण बसवून आले होते. तिला बारापर्यंतच थांबता येणार होतं. मी सही केली. त्या दिवशी माझ्या जागी असतं तर कोण तिथे बसून भागाकार करत राहिलं असतं? तरीही सांगते, तक्त्याचा फोटो तरी काढा. मी काढला होता, म्हणून आज हातात काहीतरी आहे.

एप्रिलमध्ये गावी लग्नाला गेले तेव्हा पुतण्याला तो फोटो दाखवला. तो पतसंस्थेत आहे. त्याने पाहिल्या पाहिल्या विचारलं, “काकू, यांनी तीसने का भागलंय?”

मग तो तिथेच मांडवात बसून, पत्रिकेच्या मागे आकडे मांडायला लागला. ग्रॅच्युइटी शेवटच्या महिन्याच्या बेसिक अधिक महागाई भत्त्यावर निघते. माझं बेसिक ११,७०० आणि महागाई भत्ता ७,०२०, मिळून १८,७२०. महिना २६ दिवसांचा धरायचा, कारण सुट्टीचे दिवस कामाचे नसतात. १८,७२० भागिले २६ म्हणजे रोजचे ७२०. वर्षाला पंधरा दिवसांचे १०,८००. वर्षं चौदा, कारण तेरा पूर्ण आणि वर सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले की ते पूर्ण वर्षच धरायचं. १,५१,२००.

त्यांचा हिशोब असा होता: महागाई भत्ता गायब, नुसते ११,७००. भागिले तीस, ३९०. पंधरा दिवसांचे ५,८५०. आणि वर्षं सहा! ३५,१००.

बाकी सगळं बरोबर ठेवून नुसत्या त्या तीसच्या भागाकाराने माझे २०,१६० रुपये गेले असते. महागाई भत्ता वगळला की ५६,७०० गेले. हे २६ चं काही नवीन नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच महिना २६ दिवसांचा धरणं मान्य केलं होतं आणि १९८७ च्या दुरुस्तीने ते थेट १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात घातलं. एचआरला हे माहीत नसतं असं कोणी म्हणू नका. त्यांच्याकडे सॉफ्टवेअर आहे, त्यात तीस कोणीतरी हाताने टाकलेले आहेत.

पण मला जास्त जाळतं ते हे नाही. जाळतात ती सहा वर्षं.

मार्च २०१६ मध्ये आम्हाला सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवलं होतं. मालकांनी दुसऱ्या नावाने कंपनी काढली होती. शेड तीच, मशिनं तीच, गेटवरचा वॉचमनही तोच. सांगितलं, की करासाठी काही बदल आहेत, तुम्ही जुन्या कंपनीचा राजीनामा द्या, १ एप्रिलपासून नव्या कंपनीत नेमणूक. “राजीनामा फक्त कागदावर आहे, तुमची सर्व्हिस चालूच राहते.” हे तोंडी. नेमणूकपत्रात जुन्या नोकरीचा एक शब्द नव्हता. पगारात दीडशे रुपयांची वाढ मात्र होती, आणि आम्ही त्यावर खूश झालो.

तिथेही मी स्वतःला माफ करू शकते. अडीचशे माणसं एका रांगेत सह्या करत होती, एकटीने उभं राहून काय म्हणणार होते? मला माफ करता येत नाही तो एप्रिल २०१७ चा दिवस.

ग्रॅच्युइटीला वारस नेमायचा एक फॉर्म असतो, फॉर्म एफ. नोकरीला वर्ष झालं की तो भरून घेतात. मी २०१० मध्ये भरला होता, नवऱ्याचं नाव घातलं होतं. आणि २०१७ मध्ये तोच फॉर्म पुन्हा माझ्यासमोर आला. एकाच नोकरीत दोनदा कशाला? हा प्रश्न मला पडायला हवा होता. त्या फॉर्मच्या खालच्या भागात नाव, खातं, तिकीट नंबर असं सगळं असतं आणि एक रकाना असतो नेमणुकीच्या तारखेचा. त्यात आधीच टाइप केलेलं होतं: ०१/०४/२०१६.

मी ते पाहिलं. नजरेतून सुटलं असं म्हणायचीही सोय नाही. मी त्या तारखेवर पेन टेकवलं आणि एचआरच्या मुलाला म्हटलं, “अहो, ही तारीख चुकली आहे.” तो म्हणाला, “ताई, ती नव्या कंपनीची तारीख आहे. जुनी सर्व्हिस धरलेलीच असते.” बाहेर गाडी लागली होती, ड्रायव्हर चलनासाठी हॉर्न वाजवत होता. मी सही केली. नुसती सहीच नाही केली. त्या फॉर्मवर दोन साक्षीदार लागतात. माझ्या खात्यातल्या बावीस बायकांच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून मी सही केली. बावीस वेळा ती तारीख माझ्या डोळ्यांखालून गेली. त्यातल्या दोघी माझ्याही आधीपासून, २००७ पासून तिथे होत्या.

पैसे गेले ते त्या दिवशी. २०२३ मध्ये फक्त बेरीज झाली. तेव्हा तुमच्या फॉर्म एफची प्रत आजच मागा आणि फक्त तारीख बघा. पीएफच्या साइटवर सेवा इतिहास दिसतो, त्यात एकाच यूएएनखाली (पीएफच्या कायम नंबराखाली) दोन कंपन्या आणि मध्ये नोकरी सोडल्याची तारीख दिसते का ते बघा. मला २०१९ मध्ये दिसत होती. मी शिल्लक बघून साइट बंद करायची.

आता त्यांचंच म्हणणं खरं धरू. मी २०१६ मध्ये खरोखर राजीनामा दिला असं समजा. तर ३ जून २००९ ते ३१ मार्च २०१६ ही सहा वर्षं दहा महिन्यांची नोकरी झाली, म्हणजे सात वर्षांची ग्रॅच्युइटी तेव्हाच, तीस दिवसांत, द्यायला हवी होती. ती कुठे आहे? आणि १ एप्रिल २०१६ ते ३१ जानेवारी २०२३ सुद्धा सहा वर्षं दहा महिनेच होतात, तेही सातच धरायला हवेत, सहा कुठून आले? हा प्रश्न मी एचआरला विचारला, कामगार कार्यालयात विचारला, कंपनीच्या वकिलाच्या तोंडावर विचारला. सगळ्यांचं उत्तर एकच: “सही तुमचीच आहे ना?”

एप्रिलच्या शेवटी मी फॉर्म आय, म्हणजे मालकाकडे ग्रॅच्युइटी मागण्याचा अर्ज, रजिस्टर पोस्टाने पाठवला, पोचपावतीसह. खरं तर अर्ज असो-नसो, हिशोब करून रक्कम लेखी कळवणं हे मालकाचंच काम आहे, कायद्यात तसं स्पष्ट आहे. उत्तर आलं नाही. मग मी कामगार कार्यालयाच्या पायऱ्या चढायला लागले.

पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा अर्ज इंग्रजीत आणा म्हणाले. महाराष्ट्रात, मराठी बाईला! इंग्रजीत करून नेला तर तिसऱ्या वेळी आवक-जावकच्या बाईंनी शिक्का द्यायला नकार दिला, साहेबांनी बघितल्यावर देऊ म्हणाल्या. चौथ्यांदा साहेब भेटले. पाच मिनिटं. कागद उलटसुलट केले आणि म्हणाले, कंपनीला बोलावून घेतो, समझोता होईल. जूनभर मी त्या बोलावण्याची वाट पाहिली. पाचव्यांदा, जुलैमध्ये, दुसऱ्या टेबलावरच्या माणसाने सहज सांगितलं, की ग्रॅच्युइटीचं काम इथे होतच नाही, राज्यात ते अधिकार कामगार न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे आहेत, तिथे फॉर्म एन, म्हणजे दाव्याचा अर्ज, भरा. हे पहिल्या दिवशी सांगायला किती सेकंद लागले असते? प्रत्येक फेरीला माझे एकशे वीस रुपये एसटी-रिक्षाचे आणि सासूबाईंजवळ बसणाऱ्या बाईचे दोनशे. पैशांचं सोडा. फॉर्म एन नव्वद दिवसांत भरायचा होता. ती मुदत मेअखेर संपली होती, मी त्यांच्याच बाकावर बसलेली असताना. आता उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज मला करावा लागला आणि कंपनीच्या वकिलाने त्यावरच चार तारखा काढल्या.

सरकारच्या तक्रार पोर्टलवरही टाकलं होतं. एकवीस दिवसांनी मेसेज आला, तक्रार निकाली. काय निकाल लागला ते कुठेच नाही.

त्याच कार्यालयाबाहेर एक कामगार सल्लागार भेटले. कोर्टाचं सगळं करून देतो, ७,५०० द्या. दिले, रोख. दोन महिने “दाखल केलंय” म्हणत राहिले. कोर्टात चौकशी केली तर माझ्या नावाचा कागदच नव्हता. हो, दुसऱ्यांदा फसले. पण जिथे सरकारी माणूस रस्ता सांगत नाही, तिथे बाहेर उभा असलेला सांगतो, आणि माणूस त्याच्यामागे जातं. कोर्टातला केस नंबर मिळाल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नका. शेवटी एका युनियनच्या वकिलांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रकरण दाखल केलं आणि तेव्हा माझ्याकडून फक्त टायपिंगचा खर्च घेतला.

आतापर्यंत अकरा तारखा झाल्या. वकिलांचं म्हणणं, की ‘काही बाकी नाही’ या ओळीने हक्क बुडत नाही, कायद्यापेक्षा कमी देणारा करार या कायद्यापुढे टिकत नाही. उशिरा दिलेल्या रकमेवर साधं दहा टक्के व्याज लागतं, म्हणजे माझ्या १,१६,१०० वर वर्षाला ११,६१०. आणि निकालाविरुद्ध अपील करायचं तर मालकाला आधी रक्कम भरावी लागते. म्हणून तर त्यांना निकालच नकोय, तारखा हव्यात.

तुमची कंपनी अनेक राज्यांत असेल तर कामगार न्यायालयात जाऊ नका, केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे जा, नाहीतर माझ्यासारखे तीन महिने वाया. नोव्हेंबर २०२५ पासून १९७२ च्या कायद्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे ‘जुना कायदा गेला’ असं कोणी सांगेल. २६ चा भागाकार तिथेही आहे, आणि वेतनातून वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त दाखवले तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. बदलीच्या, विलीनीकरणाच्या, ‘फक्त कागदावर’च्या कुठल्याही पत्रावर ‘पूर्वीची सेवा सलग धरली जाईल’ हे शब्द नसतील तर सही करू नका. सगळे करत असले तरी करू नका. जुन्या सॅलरी स्लिपा टाकू नका. माझं २००९ चं ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड पत्र्याच्या डब्यात लग्नाच्या फोटोंखाली सापडलं. नेमणुकीची खरी तारीख दाखवणारा तेवढाच एक कागद आज माझ्याकडे आहे. आणि १९७२ च्या कायद्याचा गोषवारा गेटजवळ कामगारांच्या भाषेत लावणं बंधनकारक होतं. आमच्या गेटवर तेरा वर्षांत मला तो दिसला नाही. तुमच्या गेटवर आहे का बघा.

त्या बावीस जणींपैकी नऊ जणी अजून तिथेच आहेत. गेल्या दिवाळीनंतर मी एकेकीच्या घरी जायला लागले. सहा जणींना भेटून झालं. चौघींनी फॉर्म एफची प्रत मागितली, दोघींना ती मिळाली. २००७ पासून असलेल्या दोघींपैकी एक माझ्याशी दारातूनच बोलली. “ताई, साक्षीदार तर तुम्हीच होता,” म्हणाली. मी तिला सांगितलं, हो, मीच होते, आणि तू २००७ पासून तिथे होतीस हे मी कोर्टात शपथेवर सांगेन. तिने आत बोलावलं नाही, पण तिच्या जुन्या पगाराच्या स्लिपा पिशवीत घालून दिल्या. त्यांच्या झेरॉक्स काढून शनिवारी परत द्यायच्या आहेत.