प्रतिलिपि: लघुकथा लिहिणाऱ्यांना वाचक मिळवून देणारे अ‍ॅप

मराठीत नव्याने कथा लिहू लागलेल्या कुणी ‘लिहिलेले पाठवू कुठे?’ असे विचारले, की गेल्या काही वर्षांपासून मी प्रतिलिपि या अ‍ॅपचे नाव सांगते. सांगताना मात्र एक अट घालते. सुरुवातीला तिथे एका बैठकीत वाचून होणारी, आपल्या ओळखीच्या जगातली छोटी कथाच लिहावी आणि तिच्याखाली आलेली प्रत्येक समीक्षा नीट वाचावी. या सेवेची नियमित वाचक म्हणून माझे मत असे झाले आहे, की प्रतिलिपिचे सर्वांत मोलाचे काम भावनाप्रधान लघुकथेमुळे होते आणि नेमक्या त्याच लघुकथेला या सेवेच्या रचनेत सर्वांत कमी आधार मिळतो.

प्रतिलिपिची सुरुवात २०१४ मध्ये बंगळुरूत झाली आणि आज तिथे मराठीसह बारा भाषांत लेखन होते. २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या पुढाकाराने तिच्यात ४.८ कोटी डॉलरची गुंतवणूक झाली, तर अ‍ॅमेझॉनने वेस्टलँड ही प्रकाशनसंस्था बंद केल्यानंतर तिथल्या मंडळींना २०२२ मध्ये प्रतिलिपिनेच सामावून घेतले. वापराच्या दृष्टीने अ‍ॅप सोपे आहे. लेखकाला एक रुपयाही भरावा लागत नाही. फोनवरच मजकूर लिहायचा, शीर्षक द्यायचे, मुखपृष्ठासाठी चित्र लावायचे, कथेचा प्रकार निवडायचा आणि प्रकाशित करायचे. वाचकाला कथा उघडण्याआधीच ती वाचायला साधारण किती मिनिटे लागतील, आजवर ती किती वेळा वाचली गेली आणि तिला सरासरी किती तारे मिळाले, हे दिसते.

या सोयीचे महत्त्व कळण्यासाठी छापील मराठी कथेची वाट आठवावी लागते. १८९५ मध्ये सुरू झालेल्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी कथेचा मोठा आधार दिवाळी अंक हाच राहिला. पुढे कथेला वाहिलेली मासिके एकामागून एक थांबत गेली. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाले, तेव्हा नव्या कथाकाराची परीक्षा घेणारे आणि त्याला घडवणारे एक मोठे ठिकाण नाहीसे झाले. आज तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, कुणा संपादकाशी ओळख नसलेल्या लेखिकेने पावसाळ्याच्या तोंडावर कथा पाठवली, तर ती छापून येईल की साभार परत येईल हे कळायलाच काही महिने जातात. छापून आलीच, तर मानधन बहुधा नाममात्र असते आणि वाचकांची पत्रे आली तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आपली कथा कुणाच्या घरात पोहोचली, कुठल्या वाक्यापाशी कोण थांबले, हे तिला कधी कळतच नाही. चांगल्या संपादकाच्या नजरेतून कथा जाण्याचा लाभ फार मोठा असतो आणि प्रतिलिपि तो देत नाही, हे मी आधीच नोंदवून ठेवते. परंतु लिहीत राहण्यासाठी लागणारा दुसरा लाभ, म्हणजे वाचकाचा प्रत्यक्ष आवाज, तिथे पहिल्या आठवड्यात मिळू शकतो.

हा आवाज कथेच्या खाली असतो. प्रतिलिपिवर कथा संपली की तारे देण्याची आणि समीक्षा लिहिण्याची जागा येते. समीक्षा हा शब्द तिथे फार व्यापक अर्थाने वापरला जातो, कारण बहुतेक नोंदी ‘खूप छान’, ‘अप्रतिम’, ‘डोळ्यांत पाणी आले’ अशा दोन-तीन शब्दांच्याच असतात. त्या नोंदी ओलांडून खाली जात राहावे. आईच्या आजारपणावर, नोकरीसाठी परगावी गेलेल्या मुलाच्या रिकाम्या खोलीवर, मुलीच्या लग्नासाठी जमीन विकलेल्या बापावर, सासूच्या निधनानंतर तिची खरी किंमत कळलेल्या सुनेवर लिहिलेली कथा असेल, तर तिच्याखाली हमखास काही लांब मजकूर सापडतो, ज्यात वाचक कथेबद्दल थोडे आणि स्वतःबद्दल पुष्कळ लिहितो. कुणी आपल्या वडिलांचे शेवटचे दिवस सांगतो. कुणी लिहितो, की ही गोष्ट वाचून दोन वर्षांनी भावाला फोन केला. ज्या गोष्टी शेजारणीपाशी बोलता येत नाहीत, त्या इथे अनोळखी लेखिकेपाशी बोलल्या जातात आणि लेखिका त्यांना उत्तर देते. त्या उत्तरापासून एक नाते सुरू होते. वाचक तिचा अनुयायी होतो, तिची पुढची कथा आल्याची सूचना त्याच्या फोनवर जाते आणि चौथ्या-पाचव्या कथेपर्यंत तीच पंधरा-वीस नावे पुन्हा पुन्हा दिसू लागतात. ही नावे ज्या लेखिकेला लाभली, ती सहसा लिहिणे सोडत नाही, असे माझे निरीक्षण आहे. हजारोंच्या वाचनसंख्येपेक्षा मला ही ठरावीक नावे अधिक मोलाची वाटतात, कारण वाचनसंख्या एखाद्या आकर्षक शीर्षकामुळेही वाढते, तर ही माणसे त्या लिहिणाऱ्या व्यक्तीसाठी परत आलेली असतात.

हे नाते छोट्या कथेतूनच का जुळते, याचा मी बराच विचार केला आहे. आठ-दहा मिनिटांची कथा बसमध्ये, दुपारच्या सुट्टीत किंवा रात्री सर्व आवरल्यावर पूर्ण वाचून होते. वाचक शेवटापर्यंत पोहोचतो तेव्हा सुरुवात त्याच्या मनात ताजी असते आणि मन भरून आलेल्या त्याच क्षणी लिहिण्याची चौकट समोर येते. लिहिणाऱ्याच्या बाजूनेही हेच खरे आहे. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास यांतून वेळ काढून लिहिणाऱ्या व्यक्तीला कादंबरीची शिस्त परवडत नाही, परंतु मनाला चटका लावून गेलेला एक प्रसंग दोन-तीन रात्रींत कथा होऊ शकतो. दोघांकडे मिळून जेवढा वेळ आहे, तेवढ्यातच ही कथा बसते.

व्हॉट्सअ‍ॅपशी तुलना केली तर प्रतिलिपिचे आणखी एक मोल लक्षात येते. मराठी भावकथा आज सर्वाधिक फिरतात त्या कौटुंबिक आणि सोसायट्यांच्या गटांवर. तिथे कथेखालचे लेखकाचे नाव दुसऱ्या-तिसऱ्या हातात गळून पडते, त्याजागी ‘अनामिक’ किंवा ‘लेखक माहीत नाही, पण सुंदर आहे म्हणून पाठवत आहे’ असे येते, आणि कधी कधी एखाद्या नामवंत साहित्यिकाचे नावही चिकटवले जाते. ‘नावासह पाठवावी’ ही लेखकांची कळकळीची विनंती कितीदा पाळली जाते, हे आपण सारेच जाणतो. अशी कथा लाखभर लोकांनी वाचली तरी तिच्या लेखकाला एकही वाचक मिळत नाही. प्रतिलिपिवर कथा आणि तिचा कर्ता एकाच पानावर राहतात, नावावर बोट ठेवले की त्याच्या सर्व कथा समोर येतात, आणि कधी प्रकाशित केले याची नोंदही राहते. कथेचा मजकूर तिथूनही उचलला जाऊ शकतो, पण मूळ कथा कुठे आहे हे दाखवायला लेखकाकडे एक पत्ता असतो.

आता पैशाविषयी, कारण धडपडणाऱ्या लेखकाच्या बाबतीत तो विषय टाळणे योग्य नाही. वाचक कॉइन, म्हणजे अ‍ॅपमधली आभासी नाणी, विकत घेऊन त्यांतून आवडत्या लेखनाला स्टिकर, म्हणजे कौतुकाचे छोटे चित्र, देऊ शकतो, एखाद्या लेखकाचा सुपरफॅन होण्यासाठी दरमहा रक्कम भरू शकतो, किंवा प्रीमियम सदस्यत्व घेऊ शकतो. यातून लेखकाच्या वाट्याला आलेली रक्कम त्याच्या बँक खात्यात जमा होते. ही व्यवस्था मला मनापासून स्वागतार्ह वाटते. मराठी वाचकाने पडद्यावरच्या मराठी मजकुरासाठी थेट लेखकाला पैसे द्यावेत, ही सवय फार आवश्यक होती. परंतु ही सगळी व्यवस्था उभी आहे ती कथामालिकेवर. सुपरफॅनला मिळणारा मुख्य लाभ म्हणजे पुढचा भाग इतरांच्या आधी वाचायला मिळणे, आणि ज्या कथेला पुढचा भागच नाही तिच्या लेखकाकडे देण्यासारखे असे काही उरत नाही. मोठ्या स्पर्धाही बहुधा अनेक भागांच्या मालिकांना समोर ठेवून आखलेल्या दिसतात. परिणामी लघुकथेतून वाचक मिळवलेली लेखिका कमाईसाठी मालिकेकडे वळते, रोज एक भाग टाकण्याच्या ओढीत तिचे कथानक पसरत जाते आणि समीक्षांमध्ये ‘पुढचा भाग लवकर टाका’ एवढाच मजकूर उरतो. मालिका वाचणाऱ्यांचा आनंद मी कमी लेखत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ या १८९० मध्ये सुरू झालेल्या साप्ताहिकातूनही कादंबऱ्या क्रमशःच वाचल्या गेल्या. तरीही जिथे वाचक स्वतःचे मन उघडून बोलत होता, तिथे तो फक्त उत्सुकता दाखवू लागतो, हा बदल मला खटकतो. पाच-सात लघुकथांचा संच एकत्र करून त्याला वाचकाने मूल्य द्यावे, अशी ठळक सोय प्रतिलिपिने करावी, अशी माझी ठाम सूचना आहे.

भावनाप्रधान कथांच्या दर्जाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. तिथे चांगल्या कथा आहेत, आणि ठरावीक साच्यातल्या कथा त्यांच्यापेक्षा खूप जास्त आहेत. शेवटच्या परिच्छेदात अचानक होणारा मृत्यू, मरणानंतर सापडणारी चिठ्ठी, एकही दोष नसलेली आई आणि एकही गुण नसलेली सून यांनी डोळ्यांत पाणी येते, पण दुसऱ्या दिवशी कथा आठवत नाही. ज्या कथांखाली लांब, मनापासूनच्या समीक्षा दिसतात, त्या पुन्हा वाचून पाहाव्यात. त्यांत बहुतेक वेळा एखादा अगदी बारीक, खरा तपशील असतो: वडिलांच्या शर्टाच्या खिशातली बसची तिकिटे, रुग्णालयाच्या आवारात स्टोव्हवर शिजवलेली खिचडी, माहेरून निघताना पिशवीत कोंबलेली कढीपत्त्याची डहाळी. अशा तपशिलाने वाचकाला स्वतःचा तपशील आठवतो आणि मग तो लिहू लागतो. लेखकाने समीक्षा वाचाव्यात असे मी म्हणते ते याचसाठी. आपल्या कोणत्या ओळीने वाचकाची आठवण जागी केली, हे त्यांतून कळते, आणि हे शिक्षण संपादक नसलेल्या ठिकाणी फार मोलाचे आहे.

ताऱ्यांवर मात्र विसंबू नये. लेखक एकमेकांच्या कथा वाचून एकमेकांना पाच तारे देतात, त्यामुळे सरासरीवरून दर्जा ओळखणे कठीण होते. मुद्रितशोधन नसल्याने ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि विरामचिन्हांच्या चुका भरपूर आढळतात, काही वेळा एक वाक्य अर्ध्या पानापर्यंत स्वल्पविरामांवर चालत राहते. त्यामुळे प्रकाशित करण्यापूर्वी व्याकरण जाणणाऱ्या एका तरी माणसाकडून कथा तपासून घ्यावी. नव्या वाचकालाही मुखपानावर पुढे केलेल्या मालिकांमधून वाट काढून लघुकथेपर्यंत स्वतः जावे लागते. आवडलेल्या एका कथेखाली लांब समीक्षा लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतःही लिहितात, त्यांच्या नावावरून पुढे गेल्यास चांगल्या कथा लवकर सापडतात.

एकंदरीत, विनामूल्य सुरुवात, वाचकाशी थेट संवाद आणि नाव टिकून राहण्याची खात्री यांसाठी मी या सेवेला पाचपैकी चार तारे देते. एक तारा लघुकथेच्या उपेक्षेसाठी राखून ठेवला आहे. वाचकांना माझी विनंती आहे, की एखादी कथा मनाला भिडली तर ‘खूप छान’ लिहून पुढे न जाता ती कुठे भिडली हे दोन वाक्यांत लिहावे, आणि शक्य असल्यास एक स्टिकर द्यावा. लेखकांनी दहा-बारा कथा झाल्या, की वाचकांनी सर्वाधिक बोलून दाखवलेल्या दोन-तीन कथा पुन्हा लिहून दिवाळी अंकांकडेही पाठवाव्यात. तिथे पूर्वप्रकाशित कथा सहसा घेत नाहीत, म्हणून पाठवण्यापूर्वी संपादकांना तसे विचारावे, आणि अंकासाठी म्हणून एखादी नवी कथा अ‍ॅपवर न टाकता बाजूला ठेवावी.