विंकलर संच: किंमत रास्त, ड्रॉपर मात्र टाकाऊ

समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचा हा संच मी गोव्यात दोन पावसाळे वापरला आहे. पाण्याच्या बाटलीत मँगनीजचे मीठ आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून बूच लावले की, ऑक्सिजन असल्यास, तपकिरी साका तळाशी बसतो. कांदोळीसमोरच्या समुद्रातून सप्टेंबरअखेरीस आणलेल्या तळाच्या पाण्यात मात्र तो पांढराच राहिला, म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ संपलेला होता. याच किनाऱ्यावरील ऑक्सिजनचा तुटवडा आणि नायट्रोजनचे चक्र यांचा दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सय्यद वाजिह अहमद नक्वी यांनी अनेक वर्षे अभ्यास केला, आणि येथून नायट्रस ऑक्साइडचे उत्सर्जन वाढत असल्याचे त्यांनी सहकाऱ्यांसह २००० साली ‘नेचर’मध्ये मांडले. संचामागची विंकलर यांची १८८८ सालची पद्धत अजूनही भरवशाची आहे. फक्त पाण्याला सडक्या अंड्यांचा वास असेल, तर हायड्रोजन सल्फाइडमुळे आकडे फसतात, आणि माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही.

तक्रार ड्रॉपरची आहे. हलत्या होडीत तो गळतो, बाटलीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि नमुना वाया जातो. विक्रेत्याने बदलून दिला, पण दुसराही तसाच निघाला. शेवटच्या मोजणीत रंगबदल दाखवणारे स्टार्चचे द्रावण महिन्याभरात बुरसटते, म्हणून ते मी आता ताजेच करून घेतो.