फाटकाला गाडी कळते कशी: ट्रॅक सर्किट, ॲक्सल काउंटर की प्रेडिक्टर?

रेल्वे फाटकासाठी येणारी गाडी ओळखण्याची पद्धत निवडताना बहुतेक जण आधी खर्च विचारतात. मी आधी दोन गोष्टी विचारेन: त्या मार्गावरच्या गाड्यांच्या वेगात फरक किती, आणि रुळांची अवस्था कशी?

ट्रॅक सर्किट सर्वांत जुनं. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. रुळांचा एक तुकडा इन्सुलेटेड जोडांनी वेगळा करायचा, एका टोकाला कमी दाबाची वीज सोडायची आणि दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, लावायचा. गाडी आली की तिची चाकं आणि त्यांना जोडणारा आस दोन्ही रूळ जोडतात, वीज रिलेपर्यंत पोहोचत नाही, रिले पडतो आणि फाटक बंद होतं. तार तुटली, वीज गेली, अनेकदा रूळ जरी तुटला तरी हेच घडतं. बिघाड झाला तर फाटक बंदच होणार, हा गुण मला फार मोलाचा वाटतो. मात्र रुळांवर गंज चढला असेल किंवा पाला चिकटला असेल, तर हलकी गाडी दोन्ही रूळ नीट जोडत नाही आणि ती दिसतच नाही. उलट खडी चिखलाने भरून ओली झाली की वीज गळते आणि गाडी नसताना फाटक पडतं.

अशा ठिकाणी ॲक्सल काउंटर उजवा. रुळाला लावलेले सेन्सर आत गेलेले आणि बाहेर पडलेले आस मोजतात. दोन्ही आकडे जुळले की मार्ग मोकळा. प्रत्येक जागी कॉइलच्या दोन जोड्या असल्याने दिशाही कळते. गंज, पाणी, रुळांखालचे लोखंडी स्लीपर यांची त्याला अडचण नाही. पण तुटलेला रूळ तो सांगत नाही, आणि वीज जाऊन आली किंवा मोजणी चुकली की तो शून्यावर आणावा लागतो. ते काम मार्ग मोकळा असल्याची खात्री करूनच व्हायला हवं. इथे घाई केली तर गाडी आत असताना फाटक उघडू शकतं.

आता वेगाचं. ताशी १२० किलोमीटरच्या गाडीसाठी ३० सेकंदांची सूचना हवी, तर ती १ किलोमीटर आधी टिपावी लागते. त्याच जागेवरून ताशी ३० किलोमीटरची मालगाडी आली की लोक २ मिनिटं थांबतात. रोज असं थांबणारा माणूस फाटकाखालून वाकून जायला लागतो, म्हणून ही नुसती सोयीची बाब नाही. यावर उपाय प्रेडिक्टर: तो रुळांत प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह सोडून त्याला होणारा विरोध मोजतो. गाडी जवळ येईल तसा विरोध घटतो. किती आणि किती झपाट्याने, यावरून गाडी कधी पोहोचेल याचा हिशेब होतो. त्यामुळे वेग कोणताही असो, सूचनेचा वेळ जवळपास सारखाच राहतो. अमेरिकेच्या नियमानुसार तो किमान २० सेकंद हवा.

वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या असतील आणि रूळ स्वच्छ असतील, तर मी प्रेडिक्टरच घेईन. गंजलेल्या रुळांवर मात्र तोही ट्रॅक सर्किटसारखाच अडतो, कारण त्यालाही चाकांनी रूळ जोडलेले लागतात. विद्युत इंजिनांच्या मार्गावर इंजिनाकडून रुळांतून परतणाऱ्या प्रवाहाचा त्रास होतो, म्हणून तिथे ॲक्सल काउंटर बरा. हे सेन्सर वेगही मोजू शकतात, पण सेन्सर ओलांडल्यावर गाडीने वेग वाढवला तर हिशेब चुकतो. ती शक्यता धरूनच अंतर ठेवावं.