पहिली कंपनी, पायंडा पाडणारी कंपनी आणि आपल्या खिशातला फोन

सोयाबीनची पट्टी हातात पडली की लातूरच्या गंजगोलाईत पाय ठेवायला जागा नसते. तिथल्या सोळा रस्त्यांपैकी एकावर आमचं मोबाईल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. परवा औसा तालुक्यातून भाचा आला. काउंटरला टेकून म्हणाला, "मामा, चाळीस हजार हायेत. दोन वर्सांमागचा आयफोन घिऊ का नवा सॅमसंग? पोरं म्हनायलेत की ट्रेंड ॲपलच सेट करते, बाकीचे नुसती नक्कल करायलेत."

हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा तरी ऐकावा लागतो. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. नवा पायंडा कोण पाडतं हा एक, आणि त्या कंपनीचा माल आपल्याला सोसेल का हा दुसरा. म्हणून दोन्ही सुटे करून लिहितो.

आधी एक गैरसमज काढू. जी कंपनी एखादी गोष्ट पहिल्यांदा बाजारात आणते, तीच पायंडा पाडते असं नाही. बोटाच्या ठशाचं बघा. २०११ मध्ये मोटोरोलाच्या ॲट्रिक्स फोनला ठशाचा सेन्सर होता. मागच्या बाजूला पॉवरचं बटण, त्यावरून बोट घासायचं. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. तो सेन्सर बनवणारी ऑथेनटेक ही कंपनीच ॲपलने २०१२ मध्ये विकत घेतली आणि २०१३ च्या आयफोन ५एस मध्ये सेन्सर पुढच्या होम बटणात बसवला. अंगठा तसाही तिथेच जायचा. घासायचं काही नाही, नुसता टेकवायचा. पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या स्वस्तातल्या फोनलाही ठसा आला. नवी सोय माणसाच्या जुन्या सवयीत अशी बसवायची की पुढे इतरांना तिच्याशिवाय माल काढता येऊ नये, याला मी पायंडा म्हणतो. मोटोरोला ॲपलच्या आधी होती, पायंडा ॲपलने पाडला.

दुसरी खूण मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिची झळ गिऱ्हाइकाला बसते. अशी कंपनी काय जोडते यापेक्षा काय काढून टाकते ते बघायचं. सोनीने १ जुलै १९७९ ला वॉकमन आणला, तो मुळात त्यांच्याच प्रेसमन या छोट्या टेपरेकॉर्डरवरून केलेला होता. रेकॉर्डिंगची सोय काढली, स्पीकर काढला, स्टिरिओ आवाज आणि हलका हेडफोन दिला. टेपरेकॉर्डरमधून रेकॉर्डिंगच काढायचं म्हणजे छातीच लागते. पण त्यामुळे चालता-फिरता एकट्याने गाणी ऐकायची सवय जगाला लागली. २००७ च्या आयफोनने बटणांचा कीपॅड काढला. ज्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्याच २०१६ च्या सप्टेंबरात ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनची पिन लावायची जागा काढली आणि सोबत एअरपॉड्स जाहीर केले. २०२० मध्ये आयफोन १२ च्या डब्यातून चार्जर गेला, आणि जानेवारी २०२१ मध्ये सॅमसंगनेही एस२१ च्या डब्यातला चार्जर काढला.

इथे गिऱ्हाइकाने थांबून विचार करावा. वॉकमनमधून जे काढलं त्याने वस्तू हलकी झाली, ते माझ्या मते ऐकणाऱ्याच्या सोयीचं होतं. चार्जर काढला तेव्हा पर्यावरणाचं कारण सांगितलं गेलं. ज्याच्या घरी जुने चार्जर पडून आहेत त्याला ते पटेलही, पण पहिल्यांदाच स्मार्टफोन घेणाऱ्या माणसाला तो वरचा खर्च झाला. ट्रेंड आहे म्हणजे आपल्या भल्याचाच आहे, असं धरून चालू नये.

आता सॅमसंग. पोरं तिला नक्कल करणारी म्हणतात ते मला पटत नाही. २०११ मध्ये तिने ५.३ इंची गॅलेक्सी नोट काढला, तेव्हा आयफोन ३.५ इंचाचा होता. एवढा फोन कानाला लावायचा का, म्हणून लोक हसले. २०१४ ला ॲपलनेच ५.५ इंची आयफोन ६ प्लस काढला. मोठ्या स्क्रीनचा पायंडा सॅमसंगचाच. घडीच्या फोनचंही तसंच. पहिला घडीचा फोन चीनच्या रोयोल कंपनीने २०१८ मध्ये दाखवला, पण तो बाजार उभा केला सॅमसंगने, आणि त्याची किंमतही मोजली. एप्रिल २०१९ ला येणारा गॅलेक्सी फोल्ड, परीक्षणाला दिलेल्या फोनचे स्क्रीन बिघडल्यामुळे सप्टेंबरपर्यंत लांबला. भारतात तो १,६४,९९९ रुपयांना आला.

घडीचा फोन घ्यायचं कुणाच्या मनात असेल तर माझ्या टेबलावर येऊन बसा. आपल्या भागातला फोन उघडला की ब्रशने आधी माती काढावी लागते. चार्जिंग जॅकमध्ये कापडाचा तंतू आणि काळ्या रानाची भुकटी मिळून घट्ट गोळी झालेली असते, टाचणीने उचलली तर अख्खी बाहेर येते. स्पीकरच्या जाळीवर राखेसारखा थर असतो. म्हणून फोनवरचा आयपीचा आकडा बघायला शिका. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी६८ मध्ये सहा म्हणजे धूळ आत जाणारच नाही. सॅमसंगच्या २०२४ च्या फोल्ड ६ ला आयपी४८ होता. यातला चार सांगतो की एक मिलिमीटरपेक्षा मोठा कण अडेल. आपल्या रानातली धूळ त्याहून किती तरी बारीक. गूगलने २०२५ मध्ये पिक्सेल १० प्रो फोल्डला आयपी६८ दिला, म्हणजे बाजार उभा करणारी एक आणि धुळीचा बंदोबस्त करणारी दुसरी. आपल्याकडच्या माणसाने अशा गोष्टीत दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची वाट पाहावी, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, विक्री गेली तरी चालेल.

मी स्वतः हे फुकट शिकलो नाही. एका कंपनीचं अगदी पहिल्या खेपेचं घड्याळ हौसेने घेतलं होतं. दोन महिन्यांत चार्ज घेईना. लातुरात तो भाग नव्हता, संभाजीनगरातही नव्हता. पुण्याला पाठवून पाच आठवड्यांनी परत आलं. पहिल्या खेपेच्या वस्तूला सुटे भाग गावापर्यंत पोचलेले नसतात, आणि हात बसलेला कारागीरही नसतो.

शाओमी आणि ओप्पोबद्दल थोडक्यात. शाओमीने जुलै २०१४ मध्ये एमआय ३ फक्त ऑनलाइन १३,९९९ ला विकला आणि चांगल्या फोनची किंमत किती असावी याचा लोकांचा अंदाजच बदलून टाकला. किमतीचा पायंडा हाही पायंडाच. ओप्पोने त्याच वर्षी फाइंड ७ सोबत व्हूक हे जलद चार्जिंग आणलं. लाईट दोन तास येऊन जाणाऱ्या गावात याचं मोल काय, ते तिथे राहणारालाच कळतं.

पण माझ्या मनातला खरा पायंडा टॉर्चवाल्या नोकियाचा. २००३ चा नोकिया ११००. वर छोटा दिवा, धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबरी कीपॅड, हातातून निसटू नयेत अशा कडा. जगभर २५ कोटींच्या वर नग खपले. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्रीची येते. रात्री एकला मोटार चालू करायला बांधावरून जाणाऱ्या माणसाला पायाखाली साप दिसणं हा जिवाचा प्रश्न असतो. फोनमध्ये टॉर्च पाहिजे हे कंपनीने गिऱ्हाइकाचं जगणं बघून ठरवलं, आणि आज लाखाच्या फोनमध्येही टॉर्च आहे. त्याच अडचणीवर पुण्याच्या ओसियन ॲग्रोने 'नॅनो गणेश' काढलं, म्हणजे मोबाईलवरून पंप चालू-बंद करायचं यंत्र. आज मोबाईल स्टार्टर आमच्याकडे मोटारीच्या दुकानात सहज मिळतो. स्टेजवर दिवे लावून जाहीर न झालेले ट्रेंडही असतात, आणि ते जास्त टिकतात.

आपल्या मराठवाड्यातलंच एक उदाहरण सांगावंसं वाटतं. पैठण रोडवर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. रंगीत टीव्ही घरोघर पोचवण्यात या नावाचा मोठा वाटा, आमच्या घरातला पहिला रंगीत टीव्हीही त्यांचाच. पण टीव्हीचं तंत्र जपानच्या तोशिबाकडून घेतलेलं होतं. पडदा पुढे कसा बदलणार, हे कोरियात आणि जपानात ठरलं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यामागे कर्जाची कारणं होती हे मला माहीत आहे, तरी एक गोष्ट जाणवते: जिच्या हातात मुख्य भागाचं तंत्र, तिच्याच हातात पुढची दिशा. ॲपल स्वतःची चिप आखते. सॅमसंग स्वतःच पडदे बनवते, आणि आयफोनलाही पुरवते. सोनीचे फोन आपल्याकडे दिसेनासे झाले, पण तिचे कॅमेऱ्याचे सेन्सर कितीतरी कंपन्यांच्या फोनमध्ये आहेत. आतून पायंडा पाडणारी अशी कंपनी गिऱ्हाइकाला दिसतही नाही.

आता भाच्याचे चाळीस हजार.

सॉफ्टवेअरमध्ये दोघे जवळजवळ सारखे आलेत. ॲपल फोन बराच काळ सांभाळते, २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चं आयओएस १८ मिळालं. पण तू दोन वर्षं जुना घेशील तर त्यातली दोन वर्षं संपलेली असतात. सॅमसंगने २०२५ च्या ए५६ ला सहा वर्षं अपडेट द्यायचा शब्द दिलाय. वर्षांची पायरी वर नेण्याचं श्रेय मात्र गूगललाही द्यायला पाहिजे, पिक्सेल ८ ला २०२३ मध्ये सात वर्षं त्यांनी दिली, मग सॅमसंगने एस२४ ला दिली.

डिस्प्ले फुटला तर दोन्हीकडे खिसा हलका होतो. आयफोनला बाहेरचा कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र, टाकला की ११ पासून पुढच्या मॉडेलमध्ये हा भाग अस्सल आहे का कळत नाही, असा संदेश येतो. सॅमसंगच्या ॲमोलेड पडद्याच्या जागी कुणी स्वस्तातला एलसीडी पडदा बसवला तर स्क्रीनखालचा ठसा बंद पडतो. म्हणून कव्हर आणि टफन काच पहिल्याच दिवशी.

उन्हाचं तर दोघांनाही वावडं. ॲपल स्वतःच ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते, आणि आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशीच्या घरात जातो. गाडीच्या डिक्कीत फोन ठेवायचा नाही, बॅटरी लवकर म्हातारी होते. चार्जरच्या पिनचा वाद आता उरला नाही. २०२३ च्या आयफोन १५ पासून तिथेही टाइप-सी आहे, युरोपच्या कायद्याने ते करायला लावलं. त्याच्या आधीचा आयफोन घेतलास तर मात्र घरात दोन केबली होतील.

व्हिडिओ काढून विकायचा धंदा असेल, लग्नाचं शूटिंग वगैरे, तर मी आयफोन १५ म्हणेन, जुना का असेना. तीन वर्षांनी मोडायला काढलास तरी भाव टिकतो. रानात, वाळूजच्या एमआयडीसीत आणि गावात असं तिन्हीकडे वापरायचा असेल तर नवा सॅमसंग. वॉरंटी पूर्ण, बॅटरी कोरी, आणि लातुरात भाग मिळतो.

भाच्याला एवढं सांगून दोन्ही फोन हातात दिले आणि दुकानाच्या बाहेर पिटाळलं. दुपारचा एक वाजला होता. म्हटलं, ई-पीक पाहणीचा फोटो तू याच उन्हात काढणार ना, मग पडदा इथेच बघ. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून एकदा हा, एकदा तो, असं डोळे बारीक करून बघत बसला. पैसे अजून दिलेले नाहीत. सोमवारी आईला घेऊन येतो म्हणालाय.