शिकारी डेक बांधायचाय? बोबा फेट आणि बॉस्क यांच्यातला फरक

मागच्या रविवारी भाच्याशी ‘स्टार वॉर्स: अनलिमिटेड’ हा पत्त्यांचा खेळ खेळताना माझ्या बेसवर, म्हणजे तळावर, सहाच जीव उरले होते, पण डाव माझ्या हातात होता. अवकाशात माझं फेट्स फायरस्प्रे उभं होतं, जमिनीवर बोबा फेट. भाच्याने शांतपणे ‘गिल्ड टार्गेट’चा पत्ता काढून माझ्याच फायरस्प्रेला चिकटवला. म्हणजे त्या जहाजाच्या डोक्यावर आता इनाम लागलं. मग एका जहाजाने हल्ला. मधल्या चालीत मी बोबाला भाच्याच्या बॉस्कवर सोडलं, पण बॉस्क थोडक्यात वाचला. दुसऱ्या जहाजाने फायरस्प्रे पाडलं, इनामाचे तीन घाव माझ्या बेसवर बसले. बॉस्क जिवंत होता, म्हणून तेच इनाम पुन्हा एकदा, आणखी तीन. डाव संपला.

‘स्टार वॉर्स: अनलिमिटेड’मध्ये शिकारी डेक, म्हणजे इनामासाठी शिकार करणाऱ्या पात्रांभोवती रचलेला पत्तासंच, बांधावा असं ज्याला वाटतं, त्याच्यासमोर पहिला प्रश्न हाच येतो: बोबा की बॉस्क? मी दोन्ही बरेच महिने खेळलोय आणि माझं मत ठाम आहे. दोघांनाही शिकारी म्हणत असले, तरी त्यांचे धंदे वेगळे आहेत. बोबा कोणतीही शिकार पडली तरी पैसे घेतो. बॉस्कला आधी इनाम लावावं लागतं, मग शिकार पाडावी लागते.

खेळ नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक लीडर (तुमच्या मुख्य पात्राचा पत्ता), एक बेस आणि किमान 50 पत्त्यांचा डेक. मैदानात उतरून लढणारं पात्र किंवा जहाज म्हणजे युनिट. एकाच पत्त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती. साध्या बेसला 30 जीव असतात, समोरच्याचा बेस आधी पाडला की जिंकलात. सुरुवातीला हातात सहा पत्ते येतात, त्यातले दोन रिसोर्स म्हणून, म्हणजे बाकीच्या पत्त्यांची किंमत मोजायला, उपडे ठेवायचे. वापरलेला पत्ता आडवा करायचा, वापरायला तयार असलेला उभा. पुढे प्रत्येक फेरीत दोन पत्ते ओढायचे आणि हवा असेल तर एक रिसोर्स वाढवायचा. चाली आळीपाळीने होतात, एक तुमची, एक माझी. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण शिकारी डेकचं सगळं सुखदुःख या आळीपाळीतच आहे.

आता बोबा फेट, मार्च 2024 च्या पहिल्या संचातला, ‘कलेक्टिंग द बाउंटी’ नावाचा. शत्रूचं युनिट खेळातून गेलं की लीडर आडवा करायचा आणि वापरलेला एक रिसोर्स पुन्हा उभा करायचा. वाचताना हे किरकोळ वाटतं. दुसऱ्या फेरीचं उदाहरण घ्या. तुमच्याकडे तीन रिसोर्स आहेत, तिन्ही खर्चून तुम्ही एक युनिट उतरवलंत. मग मागच्या फेरीतल्या युनिटने समोरच्याचं छोटं युनिट मारलंत, आणि एक रिसोर्स परत मिळाला. तीन रिसोर्सच्या फेरीत तुम्ही चारचा खर्च केलात. असं दोन-तीन फेऱ्या झालं की समोरचा कायम एक पाऊल मागे धावत राहतो.

पाच रिसोर्स झाले की बोबा स्वतः मैदानात उतरतो, तेव्हा तर हिशोबच बदलतो. उतरवण्याला खर्च नाही आणि तो उभाच येतो. त्याचा हल्ला पूर्ण झाला आणि त्या फेरीत शत्रूचं एखादं युनिट गेलेलं असलं, तर दोन रिसोर्स उभे. माझा आवडता क्रम असा: आधी बोबा उतरवा, मग तीन रिसोर्सचं ‘वेले’ खेळून समोरच्याचं सर्वांत महागडं युनिट त्याच्या हातात परत पाठवा, मग बोबाचा हल्ला. पाचातले तीन गेले, दोन परत आले. चार शिल्लक. म्हणजे त्याच फेरीत चार किमतीचं एक पूर्ण युनिट अजून उतरवता येतं, आणि समोरच्याला त्याचं महागडं युनिट पुन्हा पूर्ण किंमत मोजून आणावं लागतं.

इथेच दोघांमधला खरा फरक दिसतो. बोबाच्या पत्त्यावर ‘खेळातून गेलं’ असं लिहिलंय. मेलं, पकडलं गेलं, हातात परत गेलं, त्याला सगळं चालतं. बाउंटी म्हणजे इनाम मात्र युनिट मेलं किंवा पकडलं गेलं तरच मिळतं. इनाम लावलेलं युनिट कुणी हातात परत पाठवलं, तर इनामाचा पत्ता टाकून द्यावा लागतो आणि हाती काहीच येत नाही. म्हणून ‘वेले’ बोबाच्या डेकमध्ये सोन्यासारखं आहे, आणि बॉस्कच्या डेकमध्ये घालताना मी दहा वेळा विचार करेन.

बॉस्क आला जुलै 2024 च्या ‘शॅडोज ऑफ द गॅलक्सी’मध्ये, ‘हंटिंग हिज प्रे’ या नावाने. लीडर म्हणून बसलेला असताना तो आडवा होऊन इनाम असलेल्या युनिटला एक जखम करतो, आणि हवं तर त्या युनिटची ताकद फेरीपुरती एकने वाढवतो. ही ताकद वाढवण्याची गंमत अशी की ती स्वतःच्या युनिटवरही वापरता येते. या संचात काही युनिट्सच्या डोक्यावर मुळातच इनाम छापलेलं आहे. हायलोबॉन एन्फोर्सर घ्या, तो मेला तर समोरचा एक पत्ता ओढतो. असं युनिट तुमच्याकडे असेल तर बॉस्क त्याला एक जखम देऊन जास्त जोराने हल्ला करायला लावू शकतो. मैदानात उतरल्यावर बॉस्कचा खरा जोर दिसतो: तुम्ही इनाम घेतलंत की तेच इनाम दुसऱ्यांदा घ्या, फेरीतून एकदा.

दुप्पट इनामाचे आकडे खरंच मोठे आहेत. ‘गिल्ड टार्गेट’ बेसवर दोन घाव घालतं, आणि शिकार एकमेव असेल, म्हणजे तुमच्याकडे मैदानात एकाच वेळी एकच ठेवता येतं असं युनिट असेल, तर तीन. दुप्पट केलं की सहा, म्हणजे 30 जीवांच्या बेसचा पाचवा हिस्सा. ‘टॉप टार्गेट’ तर त्याहून मोठं आहे: शिकार एकमेव असेल तर तुमच्या बेसचे सहा जीव भरून येतात, बॉस्कसह बारा. झपाटून हल्ला करणाऱ्या डेकसमोर, समजा दोन्ही बेसना एकेक जखम देत राहणाऱ्या सबीन रेनसमोर, बारा जीव परत आले की तिची दोन-तीन फेऱ्यांची मेहनत वाया जाते.

पण हे सगळं घडायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. इनामाचा पत्ता हातात हवा, ते युनिट मारायची ताकद मैदानात हवी आणि बॉस्क जिवंत हवा. शिवाय इनाम लावण्यातच एक चाल जाते, आणि त्या चालीने तुम्ही मैदानात काहीच बदललेलं नसतं. समोरच्याला कळतं तुम्हाला काय हवंय, आणि पुढची चाल त्याची असते. तो सरळ बॉस्कवर तुटून पडतो. इनाम लावून शिकार न पडण्याची अवस्था मी इतक्या वेळा भोगलीय की बॉस्क खेळणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, इनामाचे पत्ते सहा-सातच्या वर नेऊ नका. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, अशी गत होते. डेकचा कणा मारणाऱ्या युनिट्सचा असायला हवा, इनाम ही वरची कमाई.

बेस निवडताना रंगाचं गणित पाहा. पत्त्यावरचं एखादं रंगाचं चिन्ह तुमच्या लीडर-बेसवर नसेल तर प्रत्येक चिन्हामागे दोन रिसोर्स जास्त मोजावे लागतात. बॉस्क लाल आणि काळा, म्हणजे ‘गिल्ड टार्गेट’ त्याच्या घरचंच. ‘टॉप टार्गेट’ निळं, म्हणून मी त्याला निळा बेस देतो, आणि माझ्या मते बॉस्कचा हाच सर्वांत टिकाऊ डेक आहे. बोबा पिवळा आणि काळा. त्याच्यासोबत हिरवा बेस जमतो. ‘एनर्जी कन्व्हर्जन लॅब’ला 25 च जीव आहेत, पण डावात एकदा सहा किंवा कमी किमतीचं युनिट उतरताक्षणी हल्ला करू शकतं. फायरस्प्रेसाठी मात्र ही सोय वाया घालवू नका. बोबा तुमचा लीडर असेल, अजून मैदानात उतरला नसला तरी, फायरस्प्रे उभंच येतं.

बाकीचे शिकारी थोडक्यात. जबा द हट लीडर असेल तर इनाम लावायला पत्ताच लागत नाही, आडवा होऊन तो कुठल्याही युनिटवर फेरीपुरतं इनाम लावतो आणि ते मिळालं की पुढचं युनिट एक रिसोर्सने स्वस्त पडतं. बॉस्कची मोठी अडचण तो अशी सोडवतो, पण स्वतः मैदानात उशिरा येतो. उतरताना तो तुमच्या दुसऱ्या एखाद्या युनिटकरवी शत्रूचं युनिट पकडून घेतो. पकडणारा गेला की कैदी सुटून परत मालकाकडे जातो, त्यामुळे कैदी सांभाळायला तुमचं दांडगं युनिट निवडा. कॅड बेन या लीडरचा मार मला कच्चा वाटतो, कारण जखम कुणाला द्यायची हे समोरचा ठरवतो. त्याच्याकडे एकच युनिट असेल तेव्हाच तो खरा धारदार.

आणि ज्याला आधी फार पैसे न घालता चव घ्यायचीय त्याने ‘शॅडोज ऑफ द गॅलक्सी’ची दोघांची स्टार्टर पेटी घ्यावी. तिच्यात मॅन्डलोरियन आणि मॉफ गिडिअन हे लीडर आहेत. मॅन्डलोरियन तुम्ही अपग्रेड, म्हणजे युनिटला चिकटवायचा पत्ता, खेळलात की चार किंवा कमी जीव उरलेलं शत्रूचं युनिट आडवं करतो. इनामाचे पत्ते अपग्रेडच असतात, आणि ते शत्रूवर लावले तरी त्याला चालतं. इनाम लावण्यात वाया जाणारी चाल इथे वाया जात नाही. मला तर हा शिकाऱ्यांमधला सर्वांत दुर्लक्षित पर्याय वाटतो.

मग घ्यायचा कोण? घरी, मित्रांमध्ये खेळायचं आणि जिंकायचं असेल, तर बोबा. मात्र तो इतका भारी ठरला की ‘प्रीमियर’ या स्पर्धाप्रकारात त्याला निलंबित करण्यात आलं. स्पर्धेला जायचं असेल तर कोणते संच चालतात आणि कोणते पत्ते निलंबित आहेत याची अधिकृत यादी पाहिल्याशिवाय कुठल्याच शिकाऱ्यावर पैसे टाकू नका. ज्याला लक्ष्य हेरायचं, त्याच्यावर किंमत लावायची आणि मग ते पाडायचं यातच आनंद आहे, त्याने बॉस्क घ्यावा. तो डाव हरला तरी एखादी दुप्पट वसुली दिवसभर डोक्यात राहते, माझ्या भाच्याला विचारा.

विकत घेण्याआधी एक करा. जुन्या पत्त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावून दोन्ही डेकचे दहा-दहा डाव खेळा, आणि बॉस्कच्या प्रत्येक डावानंतर हातात न वापरलेले इनामाचे किती पत्ते उरले ते लिहून ठेवा. दहातल्या पाच डावांत दोनपेक्षा जास्त उरत असतील, तर इनामाचे पत्ते कमी करा आणि मारणारी युनिट्स वाढवा.