डोअर पॅडच्या मागे काय बसवलं, ते आम्ही पाहिलंच नाही

पुण्यात कुणाच्या गाडीची काच जड झाली असेल तर गॅरेजला जायच्या आधी हे वाचा. माझ्या वडिलांचे ४,६०० रुपये गेले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की त्यांनी त्या माणसावर पूर्ण विश्वास टाकला होता.

आमची वॅगनआर नऊ वर्षांची. मे महिन्यात ड्रायव्हरच्या बाजूची काच वर येताना अडखळायला लागली. बाबा सिंहगड रोडवरच्या एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने दोनदा बटण दाबलं आणि निदान केलं, "काका, मोटर गेली. काच वर-खाली करणाऱ्या मशीनसकट बदलावी लागेल. कंपनीचा माल टाकतो. तासभर लागेल, तुम्ही निवांत चहा घेऊन या."

बाबा परत आले तेव्हा डोअर पॅड, म्हणजे दरवाजाच्या आतल्या बाजूचं आवरण, बसवून झाला होता आणि काच सरसर वर जात होती. जुनी मोटर त्यांनी मागितली होती. "भंगारात गेली काका," एवढंच उत्तर मिळालं. पैसे रोख दिले, हातात आली साध्या कागदाची चिठ्ठी.

जुलैमध्ये काच परत जड. त्यातच ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट ओलं दिसायला लागलं. आधी वाटलं छत्रीचं पाणी असेल. एकदा मॅट उचलून कार्पेट दाबलं तर बोटांभोवती पाणी वर आलं.

शेजाऱ्यांच्या ओळखीने वारज्यातल्या एका मेकॅनिककडे गेलो. या वेळी मी दरवाजाशेजारी उभी राहिले. त्याने आतल्या हँडलमागची छोटी कॅप काढून स्क्रू सोडवला, दुसरा स्क्रू आर्मरेस्टच्या खाचेत होता. मग प्लास्टिकची पट्टी घालून खालून एकेक क्लिप सोडवत गेला. क्लिपा जेमतेम चार निघाल्या, बाकीची भोकं रिकामी. पॅड वर उचलून काचेच्या कडेतून सोडवला, स्विचचा कपलर (वायरींचा जोड) काढला आणि तो थांबला. "ताई, शीट कुठंय?"

दरवाजाच्या पत्र्यावर प्लास्टिकची शीट चिकटवलेली असते. पावसाचं पाणी काचेवरून दरवाजाच्या आत उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचना असते. शीट नसेल तर तेच पाणी पॅडच्या मागून गाडीत येतं. आमच्या दरवाजाला फक्त चिकट काळ्या गोंदाची रेघ उरली होती आणि एका कोपऱ्यात फाटकं प्लास्टिक.

मोटर? जुनीच. त्याने टॉर्च मारून मला मशीनचे बोल्ट दाखवले. पाना फिरला की बोल्टच्या कडा चकाकतात. इथे सगळ्यांवर एकसारखा गंज आणि वर्षानुवर्षांची धूळ होती. मोटर कुणी हलवलीच नव्हती! काचेच्या दोन्ही बाजूंची रबरं कोरडी पडून त्यात धूळ बसली होती, एवढाच बिघाड. पहिल्या गॅरेजवाल्याने तिथे स्प्रे मारला असणार, म्हणून काच महिनाभर नव्यासारखी चालली. याने रबरं पुसून सिलिकॉन स्प्रे मारला, शीट नवी चिकटवली, क्लिपा पूर्ण भरल्या. ६५० रुपये.

बाबांना घेऊन मी पहिल्या गॅरेजला गेले. "बिल दाखवा," तो म्हणाला. चिठ्ठीवर ना गॅरेजचं नाव, ना शिक्का. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण तक्रारीला जोडायला आमच्याकडे होतं काय?

म्हणून कळकळीने सांगते. पॅड उघडताना आणि परत बसवताना तिथेच उभे राहा, विशेषतः घरातलं वयस्कर माणूस एकटं जाणार असेल तर कुणीतरी सोबत जा. मोटर बदलायची म्हणाले तर नवी खोक्यातून तुमच्यासमोर काढायला लावा आणि जुनी हातात घ्या. दर पटत नसेल तर नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत आधी चौकशी करा. पॅड लावण्यापूर्वी शीटचा फोटो काढा. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर पार्टचं नाव लिहून घ्या. आणि काच फक्त वर येताना अडखळत असेल, तर आधी रबरं साफ करून बघायला सांगा.

बाबा अजून म्हणतात, मी चहाला जायला नको होतं. ते म्हणतात तेव्हा मला त्या माणसाचा फार राग येतो. कार्पेट काढून चार दिवस गॅलरीत पंख्याखाली वाळवलं, तरी दार उघडलं की कुबट वास येतोच.