पोरीचा पुढचा दात आलाच नाही: फट बंद करायची का जागा ठेवून दात बसवायचा?

लेकीच्या वरच्या दोन मोठ्या पटाशीच्या दातांशेजारचा डावा दात आलाच नाही, आणि उजवा आला तो जोंधळ्याच्या दाण्याएवढा, टोकदार. ती आता १२ वर्षांची आहे, सातवीत, आणि गेले काही महिने आम्ही सांगली-मिरजेत तीन ठिकाणी दाखवलं. तिन्हीकडं शेवटी प्रश्न एकच, तारा लावून फट बंद करायची का तिथं जागा राखून दात बसवायचा. तुमचंही घोडं इथंच अडलं असेल तर आम्हाला काय काय कळलं ते सांगते.

आधी तपासणीचं, कारण तिथंच आमची अडीच-तीन वर्षं गेली. नवव्या वर्षी उजवा दात आला तेव्हा डावीकडं दुधाचा दात तसाच होता. तेव्हा ज्यांना दाखवलं ते म्हणाले थांबा, येईल, काही पोरांना उशीर लागतो. एक्सरे काढलाच नाही. आता कळलं की एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा पत्ता नाही तर एक्सरे काढायचाच. कारण दरवेळी दात नसतोच असं नाही, कधी हाडात जादाचा एक दात आडवा येऊन वाट अडवतो, तो काढला की खऱ्या दाताला वाट मिळते, म्हणजे उपचार पार वेगळा. आमच्या ओपीजीवर, म्हणजे सगळे दात एकत्र दिसणाऱ्या मोठ्या एक्सरेवर, डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं एकेक दात मोजून दाखवला, डावीकडं त्या जागी नुसतं हाड, आणि वरून सुळा मधल्या दाताकडं झुकत खाली येतोय. मग विचारलं घरात कुणाला असं आहे का? आहे की, माझ्या नणंदेला. हे घराण्यात येतं, आणि एका बाजूला दात नसला की दुसऱ्या बाजूचा असा बारका असणं बरेचदा दिसतं, त्याला ते पेग लॅटरल म्हणतात.

फट बंद करायची म्हणजे सुळा पुढं ओढून त्या नसलेल्या दाताच्या जागी आणायचा, आणि त्याच्यामागची छोटी दाढ सुळ्याच्या जागी. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षी काम संपतं, तोंडात सगळे स्वतःचे दात, जबडा वाढेल तसे तेही बरोबर वाढीला लागतात. पण सुळा जाड असतो, पिवळसर असतो, त्याची हिरडीही जरा वर असते, त्यामुळं टोक घासून वर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं सिमेंटसारखं मटेरियल, लावून त्याला पटाशीचं रूप द्यावं लागतं आणि ते किती जमेल हे सुळा बघूनच कळतं. शिवाय फट परत उघडू नये म्हणून दातांच्या आतून बारीक तार चिकटवतात, ती वर्षानुवर्षं सांभाळायची.

जागा ठेवायची तर सुळा मागं नेऊन त्याच्या ठिकाणी बसवायचा आणि मोकळ्या जागेत दात. इथं मला वाटलं होतं तारा निघाल्या की लगेच इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, संपलं. तसं नसतं हो! इम्प्लांट हाडाला पक्का धरून बसतो, हलत नाही, आणि वाढत्या वयात बाकीचे दात हाडासकट खाली सरकत राहतात, मग तो एकटा वर अडकल्यासारखा, आखूड दिसायला लागतो. म्हणून वाढ थांबेपर्यंत थांबायचं, मुलींना साधारण १८ आणि मुलांना २०-२१, काहींना त्याच्याही पुढं. म्हणजे मधली चार-पाच वर्षं काय? एक तर रिटेनरवर, म्हणजे तारा निघाल्यावर दात जागेवर ठेवायला घालतात त्या काढता येणाऱ्या पट्टीवर, लावलेला प्लास्टिकचा दात, नाहीतर मेरीलँड ब्रिज, ज्यात दाताला मागून एक पंख असतो आणि तो शेजारच्या दाताच्या आतल्या बाजूला चिकटवतात, शेजारचा दात जवळजवळ घासावा लागत नाही. कधीतरी निघतो, परत चिकटवता येतो. नणंदेला तरुणपणी साधा ब्रिज केला, दोन्हीकडचे चांगले दात घासून, पुढं त्यातल्या एकाला रूट कॅनाल करावं लागलं, त्यामुळं तो पर्याय मी ऐकूनही घेतला नाही.

आम्ही जागा ठेवायचं ठरवलं. कारण तिचा एकाच बाजूचा दात नाही, फक्त तिकडचा सुळा पुढं आणला तर वरच्या दोन मोठ्या दातांमधली रेघ सरकायची भीती, आणि दोन्ही बाजू सारख्या दिसायला कधीकधी तो पेग दातही काढतात, ते मनाला पटेना. तिचा चावा नीट बसतो, खालचे दातही दाटीवाटीचे नाहीत, आणि सुळा चांगलाच पिवळा आहे. पण दोन्ही बाजूंचे दात नसते आणि वरचे दात पुढं आलेले असते, तर मी फट बंद करायलाच हो म्हटलं असतं, आणि खालचा जबडा पुढं असलेल्या पोरांना बहुतेक जागा ठेवायलाच सांगतात.

पेग दाताला कॉम्पोझिट लावून मोठा करणार. डॉक्टरांनी न चिकटवता नुसतं लावून दाखवलं, तिनं आरसा घेतला आणि हसली, तोंडावर हात न ठेवता. हे हळदीनं, चहानं पिवळं पडतं, काही वर्षांनी दुरुस्त करावं लागतं, पण दात घासावा लागत नाही म्हणून या वयात व्हिनियरपेक्षा, म्हणजे दातावर पुढून चिकटवायच्या पातळ पापुद्र्यापेक्षा, मला हेच बरं वाटतं.

खर्च जड जात असेल तर सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आहे, साताऱ्याकडच्यांना कऱ्हाडचं कृष्णा जवळ. कॉलेजात तारा, एक्सरे, ब्रिज सगळं एका छताखाली होतं, पण खेपा जास्त होतात, आणि तिथं शिकत असलेले डॉक्टर उपचार करतात, त्यांचा एमडीएसचा (दातांच्या पुढच्या शिक्षणाचा) कोर्स ३ वर्षांचा त्यामुळं मधेच डॉक्टर बदलू शकतो, फाईल आणि एक्सरे स्वतःकडं ठेवा. आणि जागा ठेवणार असाल तर तारा काढायच्या आधी परत एक्सरे मागाच, कारण वरून जागा दिसते पण आत मुळं जवळ आलेली असली तर पुढं इम्प्लांटला जागाच उरत नाही.